बाराचा मुहूर्त

मिटिंगमध्ये विश्राम कुबल गप्प बसला आणि तिथेच सगळं बिनसलं.

बोलायला हवं, हे त्याला तेव्हाही कळत होतं. न कळायला काय झालं? फ्रीमँटल बंदरात जहाजं आत-बाहेर नेण्याचं काम तो तीन वर्षं करत होता. या कामाच्या माणसाला पायलट म्हणतात. लांबून आलेल्या जहाजाच्या कॅप्टनला इथलं पाणी ठाऊक नसतं, म्हणून इथला एक माणूस शिडीने वर चढतो, कॅप्टनच्या शेजारी उभा राहतो आणि डावीकडे इतकं, उजवीकडे इतकं सांगत जहाज सुखरूप धक्क्याला लावून देतो. देवगडच्या आत्याने मात्र सगळ्या आळीत सांगून ठेवलं होतं की आमचा विश्राम ऑस्ट्रेलियात विमान चालवतो. विश्रामने दोन पत्रांत खुलासा केला, मग नाद सोडला.

तर ती मिटिंग. चौऱ्याण्णवच्या डिसेंबरातली, सोमवारची सकाळ. बंदराबाहेरच्या खुल्या पाण्यात अमेरिकन आरमाराची क्रूझर 'हार्लन ग्रीव्ह' नांगर टाकून उभी होती. लांबी पावणेदोनशे मीटर, पोटात क्षेपणास्त्रं, साडेतीनशेवर खलाशी. युद्ध कुठेच नव्हतं. आखातात गस्त घालून घरी परतताना वाटेत चार दिवस पर्थचा पाहुणचार घ्यायचा, लोकांना जहाज दाखवायचं, शाळांतल्या मुलांना टोप्या वाटायच्या, असा सगळा बेत. अमेरिकेचं आरमार जगभर हिंडतं ते काही रोज तोफा डागायला नव्हे. बहुतेक दिवस त्याचं काम एवढंच असतं, की लोकांनी बघावं आणि लक्षात ठेवावं.

आणि बघायचं म्हटलं की मुहूर्त आला. टेबलाभोवती आठ माणसं होती. बंदराचा मुख्य अधिकारी डग हॅलिडे, सरकारी पाहुण्यांची व्यवस्था बघणारे दोघे, पोलीस, टीव्हीवाले, हेलिकॉप्टरने खास या मिटिंगला आलेला जहाजाचा कॅप्टन रॉइस टिलमन आणि कोपऱ्यात विश्राम. सगळी चर्चा बँड कुठे उभा राहणार आणि छत्र्या किती लागणार याची. पाण्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. शेवटी डगनेच वेळ ठरवली. उद्या बाराला नांगर उचलायचा, साडेबारा-पाऊणला दोन दगडी बांधांमधून आत शिरायचं, एकच्या बातम्यांत जहाज धक्क्याला लागलेलं.

विश्रामला ती वेळ पटली नाही. दोन दिवस पारा चाळिशीला टेकलेला, आणि पूर्वेकडचा वारा अगदीच मलूल. असं असलं की समुद्रावरचा वारा लवकर येतो. त्या वाऱ्याला इथले लोक 'डॉक्टर' म्हणतात, कारण उकाड्याने हैराण झालेल्या पर्थला तो दुपारी बरं करतो. जहाजांना मात्र तो मुळीच बरं करत नाही. रेडिओवर तो तीनला येणार असं सांगत होते. विश्रामच्या मते तो साडेबारालाच येणार होता. आणि साडेबाराला हे उंच डोलाऱ्याचं जहाज बांधांच्या चिंचोळ्या तोंडात असणार होतं, वाऱ्याला अख्खी कूस देऊन.

पण वेळ डगने सुचवली होती. तीन वर्षांपूर्वी 'हा इंडियन आपल्या बंदरात जहाजं हाकणार?' अशी कुजबुज झाली, तेव्हा 'हाकणार' म्हणून ठणकावणारा हाच डग. त्याला आठ माणसांत, तेही परक्या कॅप्टनसमोर, 'तुझं चुकतंय' म्हणायचं? छे! ते विश्रामच्या जिभेवर येईचना. मोठ्या माणसाला बाजूला घ्यावं, त्याच्या हातात चहा द्यावा आणि मग हळूच सांगावं, ही त्याला लहानपणापासून लागलेली रीत.

मिटिंग संपली आणि डग पाहुण्यांना घेऊन जेवायला गेला तो गेलाच. विश्रामने त्याच्या सेक्रेटरीकडे निरोप ठेवला, "काही विशेष नाही. सवडीने फोन करायला सांगा."

काही विशेष नाही! आता काय म्हणावं या माणसाला? आपल्या लोकांची ही खोडच आहे. घराला आग लागली तरी फोनवर आधी 'काय, जेवणं झाली का?' विचारतील. ऐकणारा आपला असेल तर 'काही विशेष नाही' ऐकूनच त्याच्या छातीत धस्स होतं. पण डग हॅलिडे पडला ऑस्ट्रेलियन. काही विशेष नाही म्हणजे काही विशेष नाही. नो वरीज. त्याने फोन केला नाही.

संध्याकाळी घरी क्लॅरिनेट वाजत होतं. इरावती, विश्रामची चौदा वर्षांची लेक, शाळेच्या बँडमध्ये होती, आणि धक्क्यावर स्वागताला तिच्याच शाळेचा बँड ठरला होता. "बाबा, वुई आर गोइंग टु बी ऑन टेली! लाइव्ह!" असं तिने चौथ्यांदा सांगितलं. विश्रामने मान डोलावली आणि स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सगळं सांगितलं.

नीला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. तिला गुळमुळीत रिपोर्ट खपत नसे. "मग आत्ता फोन कर त्याच्या घरी," ती म्हणाली.

"जेवणाच्या वेळी? बरं दिसत नाही गं."

"आणि उद्या ते जहाज दगडावर चढलं की बरं दिसेल?"

विश्राम फोनपर्यंत गेला, रिसीव्हर उचलला आणि खाली ठेवला. सकाळी बघू म्हणाला. नीलाने कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी अकराला तो पायलट बोटीतून क्रूझरच्या शिडीवर चढला. डग सकाळपासून धक्क्यावर मंत्र्यासंत्र्यांच्या सरबराईत होता. वर सगळं कसं लखलखीत. पांढरेशुभ्र गणवेश घातलेले खलाशी दोन्ही बाजूंच्या कठड्यांशी ओळीने उभे राहायला सज्ज होते, कारण परक्या बंदरात शिरताना असं उभं राहायची त्यांची प्रथा आहे. विश्रामला एकाहत्तर साल आठवलं. अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागरात शिरलं तेव्हा तो देवगडात शाळेत होता. मास्तरांनी नकाशावर बोट ठेवून दाखवलं होतं, आणि पोरं घरी जाऊन किनाऱ्यावर पहारा देत बसली होती. गलोली घेऊन! आता त्याच आरमाराचं एक धूड त्याच्या शब्दावर डावं-उजवं वळणार होतं. त्याला हसू आलं, आणि लगेच मावळलं.

पूर्वेचा वारा दहालाच मेला होता. समुद्र तेल सांडल्यासारखा गुळगुळीत. ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या उंच खोलीत, सगळे खुशीत होते. नांगर उचलायला पाच मिनिटं उरली होती. आता बाजूला घ्यायला डग नव्हता, आणि चहाही नव्हता. जे बोलायचं ते इथेच, या पंधरा माणसांसमोर.

"कॅप्टन," विश्राम म्हणाला, "आज आत जायला नको."

पंधरा माना वळल्या. कॅप्टन टिलमन उंच, मृदू बोलणारा, समुद्रापासून हजार मैल लांबच्या नेब्रास्कात मक्याच्या शेतांत वाढलेला माणूस. त्याने दुर्बीण खाली घेतली.

"का?"

"साडेबाराच्या सुमाराला नैऋत्येचा वारा येईल. तीस नॉट. आपण तेव्हा नेमके बांधांच्या तोंडाशी असू. तिथे वळायला जागा नाही, थांबायला जागा नाही. जहाज ओढायला दोन टग पुरणार नाहीत, आणि जास्तीचे बोलावले तर यायला तास लागेल."

"काल तुम्ही माझ्यासमोर बसला होतात," टिलमन शांतपणे म्हणाला. "एक शब्द बोलला नाहीत."

विश्रामचे कान तापले. "खरं आहे. ती माझी चूक. पण माझ्या चुकीमुळे वारा कमी होणार नाही."

"समुद्र बघा. पान हलत नाही."

"बघतोय. म्हणूनच सांगतोय."

टिलमनने घड्याळ बघितलं. "धक्क्यावर दोन हजार लोक आहेत, मिस्टर कुबल. मला तुमचा सल्ला न मानायचा अधिकार आहे."

"आहे. जहाज तुमचं. तुम्ही निघालात तर मी इथेच उभा राहीन आणि होईल ते सगळं करीन. पण वहीत लिहून ठेवा की पायलटने नाही म्हटलं." एवढं बोलल्यावर त्याला जरा बरं वाटलं. मग त्याने पुढचंही सांगून टाकलं, "उद्या पहाटे साडेपाचला चला. मी हे जहाज असं लावून देईन की धक्क्याला कळणारसुद्धा नाही. फक्त बँड नसेल."

टिलमन काही बोलणार तोच रेडिओ खरखरला. डगचा आवाज. लाउडस्पीकरवर, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "विश्राम, मेट, काय चाललंय? नांगर का हलत नाही? पाणी तर डेड फ्लॅट आहे!"

हाच तो प्रसंग, जो टाळायला तो काल गप्प बसला होता. काल आठ माणसं होती, आज पंधरा, वर अख्खं बंदर ऐकतंय. विश्रामने माइक हातात घेतला.

"डग, नाही. आज नाही."

रेडिओ पुन्हा खरखरला. मग, "वुई विल टॉक अबाउट धिस," आणि खट्.

टिलमनने पुन्हा घड्याळ बघितलं. "अर्धा तास थांबतो," तो शेवटी म्हणाला. "बारा तीसपर्यंत तुमचा वारा आला नाही तर मी माझ्या जबाबदारीवर निघणार."

अर्धा तास! देवाशप्पथ, त्या अर्ध्या तासाएवढा लांब दिवस विश्रामने पाहिला नव्हता. बारा दहा. बारा वीस. ध्वज काठीला चिकटून लोंबत होता. कठड्याशी खलाशी उन्हात ताटकळत उभे होते, घामाने शर्ट पाठीला चिकटलेले. कोणीतरी खोकलं. दुर्बिणीतून धक्क्यावर रंगांचे ठिपके दिसत होते. त्यातला एक निळा ठिपका म्हणजे शाळेचा बँड, आणि त्यात कुठेतरी क्लॅरिनेट धरून आपली पोर. वारा आला नाही तर? तर 'इंडियन घाबरला' ही गोष्ट या बंदरात पुढची वीस वर्षं चहाबरोबर सांगितली जाईल, आणि डगलाही ती ऐकावी लागेल. हे सगळं त्याच्या मनात येऊन गेलं. तरी तो जागचा हलला नाही. दोन दिवसांचा पारा, मेलेला पूर्व वारा, हे त्याने शंभरदा बघितलं होतं. वारा येणार म्हणजे येणार.

बारा सत्तावीसला टिलमनने नांगराच्या माणसांना तयार राहायला सांगितलं.

"कॅप्टन," विश्राम म्हणाला, "रॉटनेस्ट बेटाकडे बघा."

लांब, बेटाच्या अलीकडे, आठ-दहा शिडाच्या होड्या पेंगत होत्या. त्या एकदम, सगळ्याच्या सगळ्या, एका अंगावर कलल्या. मग पाण्यावर एक काळसर रेघ दिसली. ती बघता बघता जवळ आली, आणि पुढच्या काही मिनिटांत डॉक्टर येऊन थडकला.

पहिल्या झोतात कठड्यावरच्या पन्नासेक पांढऱ्या टोप्या उडाल्या आणि समुद्रात जाऊन पडल्या. ध्वज ताडकन ताठ झाला. साखळी करकरली, आणि ते पावणेदोनशे मीटरचं धूड नांगराभोवती आडवं फिरायला लागलं, खाटेवर कूस बदलल्यासारखं. वाऱ्याचा काटा एकतीसवर गेला. घड्याळात बारा पस्तीस. टिलमनने दुर्बीण उचलून दगडी बांधांकडे बघितलं. तिथे लाटा फुटून पाणी दिव्याच्या खांबापर्यंत उडत होतं.

"या वेळी आपण तिथे असतो," तो म्हणाला. मग वळून त्याने नोंदवहीच्या माणसाला सांगितलं, "लिही. पायलटच्या सल्ल्याने थांबलो." आणि स्वतःच्या हाताने कॉफी ओतून विश्रामच्या हातात दिली.

वाऱ्यामुळे पायलट बोट लगेच शिडीला लागेना, त्यामुळे विश्राम तासभर वरच अडकला. टिलमन त्याच्याशी गप्पा मारत उभा होता.

"लोक तुम्हाला शिव्या घालतील," टिलमन म्हणाला. "म्हणतील, काहीच तर झालं नाही."

"घालतीलच."

"मला सवय आहे. सहा महिने आखातात होतो. तेलाची जहाजं माझ्या डोळ्यांसमोरून गेली, आली. मी माझं काम नीट केलं की काही होत नाही. घरी गेल्यावर बायको विचारते, काय केलंस सहा महिने? मी सांगतो, काही नाही." तो हसला. "ती म्हणते, मग घरीच राहायचं होतंस!"

विश्रामही मोकळेपणाने हसला. एवढी क्षेपणास्त्रं बाळगणाऱ्या माणसाची आणि आपली अडचण एकच आहे, हे त्याला कधी वाटलं नव्हतं.

घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. संध्याकाळच्या बातम्यांत सांगितलं की बंदराच्या पायलटने नकार दिल्यामुळे सोहळा रद्द झाला. इरावतीचे डोळे सुजले होते. "एव्हरीवन नोज़ इट्स माय डॅड," ती म्हणाली. "वुई स्टुड इन द सन फॉर टू अवर्स. अँड नथिंग हॅपन्ड, बाबा! नथिंग!"

"काही झालं नाही, म्हणूनच तर..." विश्रामने सुरुवात केली, पण ती खोलीत निघून गेली. तिला काय दाखवणार? फुटलेलं जहाज दाखवता येतं. न फुटलेलं कसं दाखवायचं? त्याला फार वाईट वाटलं.

मग डगचा फोन आला. "तुझं बरोबर होतं," तो आधी म्हणाला. मग आवाज चढला. "पण काल का नाही बोललास?"

"आठ माणसांत तुला कसं सांगणार, डग?"

पलीकडे डग ओरडलाच. "अरे, मिटिंग त्यासाठीच असते, मेट! दॅट्स व्हॉट द ब्लडी मिटिंग इज़ फॉर!"

पहाटे साडेपाचला नांगर उचलला. नीलाने इरावतीला उठवून गाडीत घातलं होतं. "नको बोलूस हवं तर, पण बापाचं काम एकदा डोळ्यांनी बघ," असं म्हणून. धक्क्यावर मंत्री नव्हते, कॅमेरे नव्हते. डग, दोर पकडणारी माणसं, गळ टाकून बसलेले दोन म्हातारे आणि या दोघी. पाणी निवांत होतं. विश्राम हलक्या आवाजात सांगत होता आणि जहाज ऐकत होतं. बघायला कोणी नसताना टिलमनने खलाशांना पांढऱ्या गणवेशात कठड्याशी उभं केलं होतं. त्यातले पुष्कळ बोडके होते. सव्वासहाला क्रूझर धक्क्याला टेकली, तेव्हा गळवाल्या म्हाताऱ्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

काम संपलं की पायलट नेहमी गुपचूप उतरतो. जहाजावर त्याचं नावही कोणाला ठाऊक नसतं. विश्राम बॅग उचलून उतरायच्या जिन्याशी आला, तर तिथे आठ खलाशी दोन रांगांत उभे. टिलमनही होता. "हे कशाला, कॅप्टन?" विश्राम पुटपुटला. टिलमनने सॅल्यूट ठोकला. शिट्टीचा लांब सूर निघाला, आठ हात कपाळाला गेले, घंटेचे टोल पडले, आणि अख्ख्या धक्क्यावर लाउडस्पीकर घुमला, "फ्रीमँटल, डिपार्टिंग!"

विश्राम मान खाली घालून जिना उतरू लागला. खाली लेकीचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"व्हाय आर दे सेइंग फ्रीमँटल?"

डग सांगत होता, "त्यांची पद्धत आहे. फार मोठा माणूस जहाज सोडून निघाला की त्याचं नाव घेत नाहीत. तो ज्याचा प्रमुख, त्याचं नाव घेतात. आरमाराचा प्रमुख असेल तर आरमाराचं."

"सो हू इज़ फ्रीमँटल?" इरावतीने विचारलं.

डगने तोंड उघडलं होतं, पण नीलाने त्याला बोलूच दिलं नाही.

"तुझा बाप," ती म्हणाली.